उभा दाणा

आमच्या घरात वडिलांचं काही चालायचं नाही, आणि आईचं तर त्याहून नाही. चालायचं ते तांदळाच्या एका दाण्याचं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. डोंबिवलीच्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, मी मॅट्रिक होईपर्यंत, दाण्याला विचारल्याशिवाय एकही मोठी गोष्ट ठरली नाही. खरं तर विचारल्यावरही ठरली नाही, कारण दाणा नेहमी नाहीच म्हणायचा.

हे खूळ आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, वडील आणि काका तिला अक्का म्हणायचे. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा एक ट्रंक आणि लग्नात आहेर आलेली एक काचेची फुलदाणी घेऊन ती डोंबिवलीला माहेरी परत आली, ती कायमची. आजी लवकर गेली होती, त्यामुळे वडिलांना आणि काकांना तिनेच वाढवलं. पुढे वडील ठाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क झाले, काकांना मिशा आल्या आणि टक्कलही पडलं, तरी आत्यासमोर दोघे असे बसायचे की वाटावं, आता ही त्यांना पाढे म्हणायला लावणार.

कोकणात आमच्या गावी देवाला कौल लावायची पद्धत आहे. मूर्तीला फुलं चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डोंबिवलीत ना तो देव, ना तो गुरव. मग आत्याने घरगुती सोय काढली. फुलदाणी वीतभराहून थोडी उंच आणि जेमतेम चार बोटं रुंद होती. कौलाच्या आदल्या दिवशी त्यात पाणी भरून, चिमूटभर हळद आणि तुळशीचं पान टाकून ती देवापुढे ठेवायची. पाणी निवायला हवं म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही. सकाळी आंघोळ करून आत्या समोर बसायची. गावाहून आलेल्या तांदळातला एक लांबट, अख्खा दाणा ओला करून चिमटीत उभा धरायचा, पाण्याला टेकवायचा, प्रश्न विचारायचा आणि सोडून द्यायचा. खाली जाताना दाणा उभाच्या उभा गेला तर देवाचा होकार, वाटेत आडवा झाला तर नकार. तळाला टेकल्यावर तो कसा पडला ते धरायचं नाही, तोवर देवाचं बोलून झालेलं असायचं. शेवटी ते पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या हातावर पडायचं.

हळदीकुंकवाला, बारशाला आत्याला मागच्या खोलीत बसवायचे. कौलाच्या दिवशी मात्र पाट तिचा, आणि बाकीचे सगळे जमिनीवर.

वडिलांना बढतीवर नाशिकला जायचं होतं. दाणा आडवा. काकांच्या मनात बाळकुमला बिऱ्हाड हलवायचं आलं. आडवा. मानपाड्याकडची झुडपांची जागा कुणीतरी काकांना जवळजवळ फुकटात देत होतं. आडवा. पुढे त्या बाजूला कारखाने आले, तेव्हा काका आमच्याकडे जेवायला आले की मानपाड्याकडे पाठ करून बसायचे. आईला शिवणाचं मशीन हवं होतं, त्या वेळी मात्र थोडी गडबड झाली. पहिला दाणा आडवा झाला तर आत्या म्हणाली, तुटका होता. दुसरा आडवा झाला तर म्हणाली, किडका होता. तिसराही आडवा झाला, तेव्हा ती उठली आणि तांदूळ निवडायला बसली. आई वर्षानुवर्षं माझी पोलकी हाताने शिवत राहिली.

मॅट्रिकच्या वर्षी माझ्या डोक्यात किडा वळवळला. देव असा कसा, की त्याला एकदाही हो म्हणावंसं वाटत नाही? घरातली मंडळी दुपारी पडली की मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन बसू लागले. दाणा उभा धरून सोडला, आडवा झाला. तिरका धरून सोडला, आडवा झाला. शेवयाचा तुकडा, गव्हाचा दाणा, माझ्या जुन्या पाटीवरच्या पेन्सिलीचं टोक, एकेक करून सगळं बुडवून पाहिलं. पेला उथळ पडला तर बादली घेतली. जे जे लांबट ते ते पाण्यात उतरताना आडवं व्हायचं. मोहरी तेवढी सुटली, कारण ती गोल, तिला उभं काय नि आडवं काय. आणि मुख्य म्हणजे मी देवाला काही विचारलंसुद्धा नव्हतं.

मला असा संताप आला म्हणून सांगू. नाशिक गेलं, बाळकुम गेलं, त्याचं मला काही नव्हतं. पण आईचं मशीन पाण्याने नाकारलं होतं, देवाने नव्हे, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यामागचं कारण मला पुढे कॉलेजात कळलं. लांबट दाणा खाली जातो तेव्हा पाण्याला बाजूला सारत जातो, आणि पाणीही ते मुकाट्याने सोसत नाही. दाणा केसभर जरी कलला, तरी त्याच्या पुढच्या टोकाला पाणी एका अंगाने जास्त दाबतं आणि त्याला आणखी कलवतं. पार आडवा झाला की दोन्ही अंगांना दाब सारखा होतो आणि मग तो स्वस्थपणे उतरतो. उभं राहायची इच्छा दाण्याला कितीही असो, पाणी त्याला तसं राहू देत नाही.

त्या वर्षी मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. पण एक गोष्ट एरंडेलाने शिकवली. आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी पोट साफ करायला एरंडेल प्यावं लागे. एकदा ते टाळण्यासाठी मी बाटलीशी चाळा करत बसले होते, आणि तांदळाचा दाणा आत टाकला. तो उभा टाकला होता आणि उभाच राहिला. इतका सावकाश उतरला, की आई दोनदा येऊन ओरडून गेली तरी त्याचा प्रवास चालूच. दुसरा तिरका टाकला, तो तिरकाच गेला. दाट द्रवात पाण्यासारखी ढकलाढकल होतच नाही, तो दाण्याला चहूबाजूंनी धरून जसाच्या तसा खाली नेतो. त्या आनंदात मी एरंडेल दाण्यासकट पिऊन टाकलं.

मॅट्रिकचा निकाल लागला. मला सायन्सला जायचं होतं, म्हणजे मुंबईच्या कॉलेजात रोज जाऊन येऊन शिकायचं. त्याच आठवड्यात काका ठाण्याहून एक स्थळ घेऊन आले.

"मी कल्याणला गेलेलो परवा," काका म्हणाले, "मुलगा बघून आलो. रेल्वेत आहे, घर स्वतःचं. वय जरा जास्त आहे, पण तेवढी समज पण जास्त."

"किती जास्त?" आईने विचारलं.

"समज ना? भरपूर!" काका म्हणाले.

वडील म्हणाले, "हिला शिकायचंय." एवढं बोलून ते घाबरले आणि पुढे म्हणाले, "अक्का काय म्हणेल ते."

आत्या म्हणाली, "मी कोण म्हणणारी? रविवारी दाणा सोडू. पोरीला सायन्सला घालावी का, एवढं विचारू. आडवा झाला, तर कल्याणच्यांना होकार कळवा."

सगळ्या घरात मला एकटीला ठाऊक होतं की दाणा आडवाच होणार. मी शहाणपणा करून पाहिला. म्हटलं, "आत्या, असं विचार ना, की पोरीचं लग्न करून टाकावं का?" म्हणजे आडवा होऊ दे खुशाल.

आत्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाली, "पोरी, ज्याला जे हवं ते त्याने सरळ मागावं. देवापुढे उलटे प्रश्न चालत नाहीत."

राहिला एकच उपाय, फुलदाणीत पाणीच असता कामा नये. एरंडेल पिवळं आणि वासाचं, लगेच पकडलं गेलं असतं. मग आठवला साखरेचा पाक. पण ते रेशनचे दिवस. साखरेच्या डब्यावर आईची नजर आणि आईवर आत्याची. फुलदाणी भरायला अर्धा शेर तरी साखर लागणार, म्हणजे डबा जवळजवळ खाली. चोरी केली तर मोठी करावी, असं मी ठरवलं.

शनिवारी दुपारी आत्या देवळात पुराण ऐकायला गेली आणि आई विहिरीवर धुणं घेऊन गेली. मी शेगडी पेटवली, पातेलं चढवलं. पाक चांगला होऊ लागला होता, पण गढूळ दिसत होता, वर करडा फेस. तेवढ्यात आई पिळे घेऊन दारात उभी राहिली. तिने पातेल्याकडे पाहिलं, उघड्या डब्याकडे पाहिलं, मग देवापुढच्या फुलदाणीकडे पाहिलं. मी रडायच्या बेतात होते.

आईने पिळे खाली ठेवले, चमचाभर दूध आणून पाकात घातलं आणि म्हणाली, "मळी वर येईल, ती काढून टाक. नितळ व्हायला हवा ना?" आणि ती धुणं वाळत घालायला निघून गेली. त्या दिवसापासून मी आईला कधीही भोळी म्हटलं नाही.

पाक गाळून, थंड करून पाण्याच्या जागी फुलदाणीत ओतला. तीच हळद, तेच तुळशीचं पान. रविवारी सकाळी फुलदाणी देवापुढे अशी दिसत होती की मलाच क्षणभर तिच्याबद्दल भक्तिभाव वाटला.

आत्या पाटावर बसली. वडील, काका, आई आणि मी जमिनीवर. आत्याने दाणा ओला केला, चिमटीत उभा धरला, टेकवला. "पोरीला सायन्सला घालावी का?" असं म्हणून तिने बोटं सोडली.

दाणा उभा राहिला.

म्हणजे अक्षरशः उभा राहिला. पाण्यात तो दोन-तीन अंक मोजेपर्यंत तळ गाठायचा. इथे तो निघायलाच तयार नव्हता. मग मुंगीच्या पावलांनी खाली येऊ लागला, ताठ, शिपायासारखा. वडिलांचे हात आपोआप जोडले गेले.

"अडकला काय रे?" काका म्हणाले.

"अडकला कसा? देव विचार करतोय," वडील म्हणाले. "आजवर त्याने कधी इतका विचार केला नव्हता."

वडिलांनी एक स्तोत्र म्हटलं. ते संपलं तरी दाणा निम्म्यावर. त्यांनी दुसरं सुरू केलं. काका गुडघ्यावर पुढे सरकत सरकत फुलदाणीला नाक लावायच्या बेतात आले आणि एकदम म्हणाले, "अरे, ह्या मुंग्या कसल्या?"

माझा जीव गेला. भिंतीवरून मुंग्यांची एक रांग शिस्तीत उतरून फुलदाणीवर चढत होती.

"देवापुढे मुंग्या यायच्याच, भाऊजी," आई शांतपणे म्हणाली. "सकाळी नैवेद्याला साखर दाखवली होती."

"आणि पाणी असं दाट का दिसतंय?"

"देवाचं पाणी आहे. लांब बस," आत्या म्हणाली.

दाणा तळाजवळ आला, उभाच. अगदी शेवटी हळूच टेकला आणि कलंडला. मग काका म्हणाले, "आजवर असं कधी झालं नाही. अक्का, माझं ऐक, आणखी एक दाणा सोड. खात्री करून घेऊ."

आणि तेव्हा माझे वडील, ज्यांनी जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नव्हतं, ताडकन म्हणाले, "नाही सोडायचा! तुला मानपाड्याला एकच दाणा पुरला, मला नाशिकला एकच दाणा पुरला, मग माझ्या मुलीला दोन कशाला? पोरगी सायन्सला जाणार!" एवढं बोलून ते पुन्हा हात जोडून बसले.

पुढे शिकून मी काही वर्षं कोलशेतला एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. रंगात सुईसारखे बारीक कण असतात. रंग वाहू लागला की असा कण बराच वेळ प्रवाहाच्या दिशेने निमूट पडून राहतो, मग अचानक एक झटकन कोलांटी घेतो आणि परत निमूट पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वडील आठवले आणि मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहत होते.

तर दाणा कलंडला, वडील बोलले, आणि मला वाटलं, सुटले. तेवढ्यात काकांनी तीर्थासाठी हात पुढे केला.

तीर्थ! एवढा मोठा कट मी रचला आणि हे मात्र साफ विसरले होते. ते पळीभर पाणी काकांच्या हातावर पडणार, काका ते पिणार आणि मिशा चिकटणार. मी आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले होते.

आत्याने दाणा सोडलेली बोटं एकमेकांवर चोळली. ती चिकटत होती, मला दिसत होतं. मग तिने तुळशीचं पान काढायच्या निमित्ताने बोट बुडवलं आणि पदराआड जिभेला लावलं.

"आज तीर्थ नाही," ती म्हणाली. "होकाराचं तीर्थ पीत नाहीत."

"हे कधी ठरलं?" काकांनी विचारलं.

"होकार याआधी कधी आला होता, तुला माहीत असायला?" असं म्हणून ती फुलदाणी उचलून आत गेली.

दुपारी जेवायला साखरभात होता. छान पिवळा. रेशनच्या दिवसांत साखरभात, तोही कुठल्या सणावाराशिवाय. काकांनी दोनदा मागून घेतला आणि आत्याच्या हाताची चव कुणाला नाही असं म्हणत ठाण्याला परत गेले. कल्याणच्यांना त्यांनी काय कळवलं ते देवाला माहीत.

काका गेल्यावर वडील लवंडले, आई भांडी घेऊन मोरीत बसली. आत्या तांदूळ निवडायला सूप घेऊन खिडकीशी बसली होती. मी हळूच जाऊन तिच्याशेजारी बसले. मला वाटलं होतं, आता कान पिरगाळला जाणार.

"पाक एकतारीच्या फार पुढे गेला होता," ती सुपातून मान वर न करता म्हणाली. "आणखी जरा आटवला असतास तर दाणा दिवाळीपर्यंत उतरला नसता."

मी म्हटलं, "आत्या, तुला राग नाही आला?"

"कशाचा? भात चांगला झाला."

"पण दाणा पाण्यात नेहमी आडवाच होतो. मी पाहिलंय. कुणीही सोडला तरी होतो, काहीही विचारलं तरी."

"तू यंदा पाहिलंस," आत्या म्हणाली. "मी विसाव्या वर्षी पाहिलंय. तांदूळ धुताना." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "माझा दीर मला न्यायला आला होता. घरात फुकटची राबणारी हवी होती त्याला. माझे वडील म्हणाले, सासरचा माणूस आलाय, जायला हवं. मी नाही म्हटलं, तर कुणी ऐकेना. बाईचं ‘नाही’ कोण ऐकतो? मग मी म्हटलं, देवाला विचारू. पाण्यात दाणा सोडला, जाऊ का म्हणून. आडवा झाला. दीर हात जोडून परत गेला."

मला एकदम तिचा फार अभिमान वाटला आणि सगळ्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला. मग मशीन आठवलं आणि तो थोडासा परत आला.

"मग आईच्या मशीनला का आडवा पाडलास?"

"मी पाडला?" आत्या पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "तीन दाणे सोडले त्या दिवशी. कधी हलक्या हाताने, कधी टोक खाली करून. एकदा चालू केलेली गोष्ट, तेव्हा मोडता येईना. ह्या घरातल्यांनी मग पुढे माझा कुठलाच नकार मानला नसता." तिने सूप एकदा पाखडलं. "मलाही एक विचारायचं होतं, पोरी. दीर गेला त्याच वर्षी. पुण्याला आमच्यासारख्या बायकांना शिकवायचे, राहायची सोय करून. मला जायचं होतं. पण त्याला होकार लागत होता."

"मग?"

"मग काय? आडवा पाडायला पाणी पुरतं. उभा कसा करायचा, ते काही मला सुचलं नाही. तीस वर्षं सणावाराला पाक करतेय, पण नाही सुचलं."

तिने सूप खाली ठेवलं. पन्नाशीची बाई, पण चेहरा असा झाला होता की जणू माझ्याच वर्गात बसली आहे आणि गणित चुकलंय. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी सुपातले खडे वेचू लागले. नंतर लक्षात आलं की मी चांगले तांदूळ काढून टाकत होते.

आत्याने माझा हात बाजूला केला. उठली, फळीवरचा साखरेचा डबा काढला, झाकण उघडून आत पाहिलं. तळाला चार दाणे साखर होती.

"किती लागली गं फुलदाणीला?"

"अर्धा शेर."

तिने डबा हलवून पाहिला, झाकण लावलं आणि मोरीकडे तोंड करून आईला हाक मारून सांगितलं, "उद्यापासून चहा गुळाचा करायचा गं. पुढच्या रेशनच्या साखरेला कुणी हात लावायचा नाही. मला देवाला एक विचारायचंय."